सत्तरीनंतर प्रोस्टेटचं रेडिएशन: घरच्यांनी तयारी कशी करावी

प्रोस्टेटच्या कॅन्सरचा बायॉप्सी रिपोर्ट हातात आला की घरात पहिला प्रश्न पडतो, या वयात हे झेपेल का? रेडिएशनपुरतं बोलायचं तर बहुतेकांना झेपतं. भूल नाही, टाके नाहीत, ॲडमिट व्हायला लागत नाही. चालत जायचं, पंधरा-वीस मिनिटं टेबलावर पडायचं आणि चालत घरी यायचं. वयस्कर माणसाला जड जातात त्या भोवतालच्या गोष्टी: रोज ठरलेल्या वेळी मूत्राशय भरलेलं आणि पोट साफ ठेवणं, पुण्याच्या ट्रॅफिकमधून महिनाभर ये-जा, आणि सोबत हार्मोनची इंजेक्शनं असतील तर त्यांचा थकवा. त्यामुळे हा लेख मशीनबद्दल कमी आणि पाणी, पोट, गोळ्या आणि फाइल यांबद्दल जास्त आहे.

दवाखान्यात याला कुणी ‘लाईट घेणं’ म्हणतं, कुणी ‘शेक’, डॉक्टर ‘आरटी’ म्हणतात. सगळं एकच.

आधी ठरवा, उपचार आत्ता हवाच आहे का

प्रोस्टेटचा प्रत्येक कॅन्सर लगेच मारायचा नसतो, हे घरात पटवणं सगळ्यात अवघड. धोक्याची पातळी तीन गोष्टींवरून ठरते: रक्तातला पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात उतरणारं एक प्रथिन), बायॉप्सीतला ग्लीसन स्कोअर (पेशी किती आक्रमक दिसतात त्याचे गुण), आणि तपासणी व एमआरआयमध्ये गाठ कुठवर दिसते ते. ढोबळ हिशेब असा. पीएसए १० च्या आत, ग्लीसन ६ आणि गाठ ग्रंथीच्या आत छोटीशी, तर धोका कमी. पीएसए १० ते २० किंवा ग्लीसन ७, तर मध्यम. पीएसए २० च्या वर, ग्लीसन ८ ते १० किंवा गाठ ग्रंथीच्या बाहेर डोकावलेली, यांतलं एकही असेल तरी जास्त.

कमी धोक्याच्या गटात सत्तरीपुढच्या माणसाला नुसतं लक्ष ठेवणं हा खरा, वैद्यकीय पर्याय आहे. तो ‘काहीच न करणं’ नव्हे. ब्रिटनमधल्या ‘प्रोटेक्ट’ या अभ्यासात सुरुवातीच्या अवस्थेतल्या १,६४३ पुरुषांची शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि निरीक्षण अशा तीन गटांत विभागणी झाली होती. १५ वर्षांनंतर या कॅन्सरने दगावलेल्यांचं प्रमाण एकूण ३ टक्क्यांच्या आतबाहेर होतं आणि तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. ते लोक पन्नाशी-साठीतले होते, त्यामुळे आकडा ऐंशीच्या माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही. पण हा आजार किती सावकाश चालतो, ते त्यातून कळतं.

पीएसए वाचताना एक चूक हमखास होते. प्रोस्टेट वाढल्याबद्दल कित्येक आजोबांना वर्षानुवर्षं ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड चालू असतं, बहुतेकदा टॅमसुलोसिनसोबत एकाच गोळीत. हे औषध सहा महिने-वर्षभर घेतलं की पीएसए साधारण निम्म्यावर येतो. म्हणजे कागदावर ६ दिसला तर तो १२ धरायचा, आणि कमी धोक्याचा माणूस मध्यम गटात जातो. गोळीच्या पाकिटाचा फोटो काढून डॉक्टरांना दाखवा.

आता वय. आधार कार्डावरचं वय आणि शरीराचं वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोज सकाळी पर्वती चढणारा ८० वर्षांचा माणूस आणि दोनदा हार्ट फेल्युअरने ॲडमिट झालेला ७० वर्षांचा माणूस, यांत पहिल्याला पूर्ण उपचार देणं जास्त सयुक्तिक असतं. यासाठी ‘जी-८’ नावाची आठ प्रश्नांची चाळणी आहे: खाणं कमी झालंय का, वजन घटलंय का, घराबाहेर पडता येतं का, विसरभोळेपणा किंवा उदासी, उंचीच्या मानाने वजन, रोजची औषधं तीनपेक्षा जास्त आहेत का, स्वतःला तब्येत कशी वाटते, आणि वय. एकूण गुण १७. १४ किंवा त्याहून कमी आले तर वृद्धांच्या तब्येतीची सविस्तर तपासणी करून मगच बेत ठरवायचा. स्मरणशक्तीची छोटी चाचणी घरीही समजून घेता येते. तीन साधे शब्द सांगायचे, मग कागदावर घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगायचं, नंतर ते तीन शब्द विचारायचे. घड्याळाचे आकडे एका बाजूला गोळा झाले किंवा शब्द आठवले नाहीत, तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला. रोज पाणी पिऊन वाट बघण्याच्या सूचना हा माणूस एकटा पाळू शकणार नाही, एवढं तरी त्यातून कळतं.

निर्णयापूर्वी युरोसर्जन आणि रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट, दोघांनाही भेटा. सर्जन शस्त्रक्रिया सुचवतो आणि रेडिएशनवाला रेडिएशन, हा मनुष्यस्वभाव आहे. दोन्ही बाजू ऐकल्या की आपल्या माणसाला काय मानवेल ते दिसायला लागतं.

आणि ‘बाबांना सांगू नका हं’ हे बंद करा. संमतिपत्रावर सही त्यांनीच करायची असते, विभागाच्या दारावर कॅन्सर असं लिहिलेलं असतं, आणि का करतोय हे माहीत नसलेला माणूस रोज अर्धा लिटर पाणी पिऊन अर्धा-पाऊण तास लघवी धरत नाही.

पहिल्या भेटीतच सांगायच्या गोष्टी

विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, असं होऊ देऊ नका. पुढची प्रत्येक गोष्ट बेत बदलू शकते.

दुर्बिणीतून प्रोस्टेट खरवडण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे टीयूआरपी, झाली असेल तर तारीख सांगा. आतली जखम भरेपर्यंत, बऱ्याचदा तीन महिन्यांपर्यंत, रेडिएशन लांबवतात. घाई केली तर पुढे मूत्रमार्ग आखडणं किंवा लघवीवर ताबा न राहणं याची शक्यता वाढते. खुब्याचा सांधा बदललेला असेल तर त्या धातूमुळे सीटी स्कॅनवर पांढऱ्या रेघा उमटतात आणि किरण त्या बाजूने टाळावे लागतात. पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड न्या. उपचार ओटीपोटावर असल्याने सहसा अडत नाही, पण कार्डिऑलॉजिस्टकडून तपासणी आणि किरणांची ऊर्जा निवडताना काळजी लागते. आतड्याला सूज येण्याचा जुना आजार, म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स, असेल तर रेडिएशन द्यावं की नाही इथपासून विचार होतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सांगा, पण त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.

दोन गोष्टी लोक हटकून विसरतात. बीपीची किंवा सुजेची ‘लघवीची गोळी’ आणि पाण्यावरचं बंधन. फ्रुसेमाइडसारखी गोळी सकाळी आठला घेतली तर दहाच्या वेळेला मूत्राशय भरून फुटायची वेळ येते, आणि आदल्या दिवसाशी मेळ बसत नाही. ती दुपारी घेता येईल का, ते विचारा. हृदय किंवा किडनीमुळे दिवसाला एक-दीड लिटरचीच मुभा असेल तर उपचाराचं पाणी त्या कोट्यातूनच मोजावं लागेल. काही केंद्रं अशा वेळी कमी भरलेल्या मूत्राशयावर बेत आखतात, पण ते आधी सांगितलं तर.

फाइलमध्ये बायॉप्सीचा रिपोर्ट, पीएसएचे सगळे जुने आकडे तारखेसह, एमआरआय आणि पेट स्कॅनच्या सीडी, औषधांची यादी. बायॉप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड (मेणात बसवलेले तुकडे आणि काचपट्ट्या) लॅबमधून मागून घेता येतात. दुसरं मत घ्यायचं तर रिपोर्टपेक्षा त्या जास्त कामाच्या.

किती दिवस, किती वेळा

पूर्वी सात-साडेसात आठवडे, ३७-३९ वेळा जावं लागे. ‘चिप’ या ब्रिटिश अभ्यासाने २०१६ मध्ये दाखवलं, की २० वेळांत ६० ग्रे दिले तरी निकाल ३७ वेळांत ७४ ग्रे देण्याच्या तोडीचा लागतो. ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप. त्यामुळे सोमवार ते शुक्रवार असे चार आठवडे, हा आता रूढ हिशेब आहे. त्याहून छोटा पर्याय म्हणजे पाचच वेळा, दर वेळी मोठी मात्रा. याला एसबीआरटी म्हणतात. ‘पेस-बी’ अभ्यासात ५ वेळांत ३६.२५ ग्रे दिल्यावर पाच वर्षांनंतर सुमारे ९६ टक्के लोकांत आजार परतलेला नव्हता, नेहमीच्या पद्धतीत सुमारे ९५ टक्के. त्यात कमी आणि त्यातल्या त्यात सौम्य मध्यम धोक्याचेच रुग्ण होते. प्रोस्टेट खूप मोठी असेल किंवा लघवीची धार आधीच बारीक असेल, तर पाच वेळांचा आग्रह आपण धरू नये. एकेक मात्रा मोठी असल्याने सूजही तशीच येते आणि लघवी अडकू शकते.

जास्त धोक्याच्या आजारात ओटीपोटातल्या लसिकाग्रंथींनाही किरण द्यायचे का, यावर मुंबईच्या टाटा मेमोरियलचा ‘पॉप-आरटी’ अभ्यास २०२१ मध्ये आला. २२४ रुग्णांत, ग्रंथींसह उपचार घेतलेल्या गटात पाच वर्षांनी पीएसए आटोक्यात राहिलेले ९५ टक्के होते, नुसत्या प्रोस्टेटवर घेतलेल्यांत ८१. मात्र क्षेत्र वाढलं की जुलाबांचा त्रासही वाढतो. आतडी नाजूक असलेल्या ८२ वर्षांच्या माणसासाठी हा सौदा करायचा का, हे डॉक्टरांना थेट विचारा.

आजार हाडांत पोचला असेल तर हिशेब वेगळा. दुखऱ्या हाडाला ८ ग्रेचा एकच शेक बहुधा पुरतो. पहिले एक-दोन दिवस दुखणं वाढू शकतं, आराम पडायला दोन-तीन आठवडे लागतात. हाडांत मोजक्याच गाठी असतील तर प्रोस्टेटलाही रेडिएशन दिल्याने आयुष्य वाढतं, हे ‘स्टॅम्पीड’ अभ्यासाने २०१८ मध्ये दाखवलं. त्यातली एक पद्धत आठवड्यातून एकदा, असे सहा आठवडे, एकूण ३६ ग्रे. बारामती-जुन्नरहून येणाऱ्यांनी हिची चौकशी जरूर करावी. आणि मणक्यात आजार असलेल्या माणसाचे पाय अचानक लटपटायला लागले, कमरेखाली बधिर वाटलं किंवा लघवी-संडासाची जाणीव गेली, तर त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठायचं. सकाळपर्यंत थांबलं तर गेलेलं चालणं परत येईलच असं नाही.

हार्मोनची इंजेक्शनं

प्रोस्टेटचा कॅन्सर टेस्टोस्टेरॉनवर पोसतो. म्हणून मध्यम धोक्यातल्या काहींना ४ ते ६ महिने आणि जास्त धोक्यात साधारण दीड ते तीन वर्षं ते हार्मोन दाबून ठेवणारी इंजेक्शनं देतात. ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन, ट्रिप्टोरेलिन ही नावं ऐकाल. महिन्याला एक किंवा तीन महिन्यांना एक. पहिल्या इंजेक्शननंतर टेस्टोस्टेरॉन काही दिवस उलटं उसळतं, म्हणून आसपासचे दोन-चार आठवडे बायकॅल्युटामाइडची गोळी असते. ती ‘विसरली तरी चालेल’ अशी नसते.

स्वस्त पडतं म्हणून काही जण अंडकोशातल्या ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया सुचवतात. आजार पसरलेला असेल आणि हार्मोन जन्मभर दाबायचं असेल तिथे ती रास्त आहे. सहा महिन्यांच्या गरजेसाठी कायमची शस्त्रक्रिया करून घेऊ नये.

या इंजेक्शनांचा त्रास घरच्यांना रेडिएशनचा वाटतो. अंगातून गरम वाफा, रात्री घाम, पोट सुटणं, दंड-मांड्या बारीक होणं, साखर वाढणं, चिडचिड किंवा गप्प बसणं, हे सगळं हार्मोनचं. हाडं ठिसूळ होतात. सुरू करण्यापूर्वी हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्या. मधुमेह असेल तर दर तीन महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे सरासरी साखरेची तपासणी. व्यायामात नुसतं फिरणं पुरत नाही, स्नायूंना वजन लागतं. सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठणं-बसणं. दहा वेळा, दिवसातून दोनदा, खुर्ची भिंतीला टेकवून.

कुठे, कसं जायचं, पैसे

पुण्यात रूबी हॉल, दीनानाथ मंगेशकर, इनलॅक्स अँड बुधराणी अशा अनेक रुग्णालयांत किरण देणारं लिनॅक मशीन आहे. मशीनच्या ब्रँडवरून निवडू नका. तीन प्रश्न विचारा. रोज किरण देण्याआधी टेबलावरच स्कॅन घेऊन जागा तपासता का? मूत्राशय आणि गुदाशयाच्या तयारीची लेखी सूचना देता का? मशीन बंद पडलं तर काय करता? तिन्हीची धड उत्तरं मिळाली, की मग घरापासूनचं अंतर बघा. ऐंशीच्या माणसाला वीस दिवस सिंहगड रस्त्यावरून संध्याकाळच्या गर्दीत आणणं हा स्वतंत्र आजार आहे. वनाझ–रामवाडी मेट्रोच्या जवळ राहत असाल तर तिचा विचार करा. रूबी हॉलला तर स्टेशनच आहे. 

स्लॉट निवडताना बाबांची संडासची वेळ बघा. पोट सकाळी साडेआठला साफ होत असेल तर दहा-अकराचा स्लॉट मागा. सातचा स्लॉट ट्रॅफिकला बरा, पण पोटाला वाईट. पालखीचे दिवस, गणपती विसर्जन आणि दिवाळी कॅलेंडरवर आधीच बघून ठेवा. रस्ते बंद असतात, सुट्टीला विभागही बंद असू शकतो. एक-दोन दिवस चुकले तर ते शेवटी जोडतात, दुसऱ्या दिवशी दुप्पट मात्रा देऊन भरून काढत नाहीत. मधेच गावी आठवडाभर जाऊन येणं मात्र नको.

पैशांचं काम पहिला शेक घेण्याआधी उरकायला हवं, कारण कॅशलेस योजनेत मंजुरी आधी लागते. ७० वर्षं पूर्ण झालेल्यांना ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीपासून उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत. राज्याची महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहेच. कुठल्या रुग्णालयात तुमच्या उपचाराचं पॅकेज लागू आहे, ते तिथल्या आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या मदतनीसाच्या, टेबलावर विचारा. फोनवर ‘हो’ म्हणाले एवढ्यावर जाऊ नका. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचारी) किंवा ईसीएचएसवाल्यांना (माजी सैनिक) आपली जुनी योजना की आयुष्मान, यांतलं एक निवडावं लागतं. खासगी मेडिक्लेम असेल तर हार्मोनची इंजेक्शनं त्यात बसतात का, हे वेगळं विचारा. सांगितलेल्या पॅकेजमध्ये सिम्युलेशन (नकाशासाठीचा सीटी स्कॅन), प्लॅनिंग आणि रोजचं स्कॅन धरलंय का, तेही लिहून घ्या.

सिम्युलेशन: सगळा खेळ या दिवशी

उपचाराच्या आठ-दहा दिवस आधी एक सीटी स्कॅन होतो, त्याला सिम्युलेशन म्हणतात. यावरच सगळा नकाशा आखला जातो. काही ठिकाणी त्याच्या आधी प्रोस्टेटमध्ये सोन्याचे तांदळाएवढे तीन कण बसवतात, रोज जागा नेमकी सापडावी म्हणून. ते बायॉप्सीसारखंच काम. अँटिबायोटिक आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची चौकशी तेव्हाही लागते.

प्रोस्टेट मूत्राशयाच्या खाली आणि गुदाशयाच्या पुढे अडकून बसलेली असते. मूत्राशय भरलेलं असलं की ते वर उचललं जातं आणि लहान आतडंही किरणांच्या वाटेतून बाजूला सरकतं. गुदाशय गॅसने फुगलं की ते प्रोस्टेटला पुढे ढकलतं. आता समजा सिम्युलेशनच्या दिवशीच पोट गॅसने भरलेलं होतं. नकाशात प्रोस्टेट पुढे दिसते, किरण तिथे आखले जातात. पुढे रोज पोट साफ असलं की प्रोस्टेट मागे सरकते, आणि मात्रा जिथे हवी तिथून काही मिलिमीटर हुकते. आजूबाजूला सोडलेली सावधगिरीची जागाच मुळात पाच-सात मिलिमीटरची असते. म्हणून त्या दिवशी तंत्रज्ञ म्हणाले, ‘गॅस दिसतोय, परत करू’, तर कटकट वाटून घेऊ नका.

तयारी अशी. आधीचे तीन दिवस पावटा, वाल, हरभरा, राजमा, कोबी, मटकीची उसळ बंद. म्हणजे मिसळही बंद. मुगाचं वरण, भात, ज्वारीची भाकरी, दुधी, पडवळ, ताक चालेल. दूध पचत नसेल तर ते वगळा. सोडा आणि चघळायचा गम नको, दोन्हींतून हवा पोटात जाते. मधे एकादशी आली तर जपा. साबुदाण्याच्या खिचडीने पोट गच्च बसतं आणि दुसऱ्या दिवशी टेबलावरून उतरावं लागतं. पोट साफ होण्याचं औषध केंद्र देईल तेच, दिलेल्या मात्रेत. घरात वर्षानुवर्षं त्रिफळा किंवा गंधर्व हरीतकी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. तिसऱ्या आठवड्यात जुलाब सुरू झाल्यावर तीच चालू ठेवली जाते आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

पाण्याचा नियम सोपा: केंद्रात पोचायचं, लघवी करून मूत्राशय रिकामं करायचं, घड्याळ बघून दहा मिनिटांत ४०० ते ५०० मिलिलिटर साधं पाणी प्यायचं, आणि सांगितलेली ३० ते ४५ मिनिटं थांबायचं. रोज तीच बाटली, तेवढंच पाणी. घरून पाणी पिऊन निघू नका. विद्यापीठ चौकात अडकलात तर सगळं गणित गेलं. चहा-कॉफी या पाण्यात धरत नाहीत. आणि आदल्या दिवशी माणूस कोरडा राहिला असेल तर सकाळचं पाणी आधी शरीरच पिऊन टाकतं, मूत्राशयात काही उतरत नाही. उन्हाळ्यात हे फार होतं.

मूत्राशय ‘आरामात भरलेलं’ हवं, फुटेल असं नव्हे. सिम्युलेशनच्या दिवशी जिद्दीने खूप पाणी पिऊन दाखवलं, तर तेवढंच रोज भरावं लागेल, आणि तिसऱ्या आठवड्यात जळजळ सुरू झाल्यावर ते शक्य होत नाही. वीस दिवस निभेल तेवढंच पहिल्या दिवशी भरा.

पायांखाली साचा किंवा उशी देतात, आणि ओटीपोटावर व दोन्ही बाजूंना शाईचे किंवा गोंदल्यासारखे बारीक ठिपके काढतात. शाईचे असतील तर आंघोळीत घासू नका. पुसट झाले तर घरी पेनने गिरवू नका, तसंच जाऊन सांगा.

टेबलावरची वीस मिनिटं

नाडीचा लेंगा किंवा सैल पायजमा घाला. पट्टा-चेन सोडताना भरलेल्या मूत्राशयाची परीक्षा नको. भिंतीवरून येणारे लेझरचे प्रकाशरेघ ठिपक्यांवर जुळवतात, मग सगळे बाहेर जातात. घाबरायचं कारण नाही, कॅमेरा आणि माइक चालू असतो. कानाचं यंत्र वापरत असतील तर ते ठेवूनच आत जाता येईल का, हे आधी ठरवा, म्हणजे माइकवरचा आवाज ऐकू येईल. मशीन भोवती एक फेरी मारून स्कॅन घेतं, बाहेर डॉक्टर-तंत्रज्ञ तो पहिल्या नकाशावर ठेवून बघतात. जुळलं तर किरण दोन-चार मिनिटांत संपतात. दुखत नाही, गरम वाटत नाही, फक्त घरघर ऐकू येते. जुळलं नाही तर खाली उतरवून ‘थोडं पाणी प्या’ किंवा ‘जाऊन गॅस सोडून या’ असं सांगतात. आजोबांना याची लाज वाटते. आधीच सांगून ठेवा, की असं सगळ्यांचंच होतं.

घरी येऊन नातवाला मांडीवर घेतलं तर चालतं. बाहेरून दिलेले किरण अंगात उरत नाहीत. वेगळं ताट, वेगळी खोली, काही लागत नाही.

त्रास कधी, कसला

पहिले आठ-दहा दिवस ‘काहीच होत नाही’ असं वाटतं. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी लघवी वारंवार, जळजळ, धार बारीक. तिसऱ्यात शौचाला दोन-तीनदा, कधी नुसती आव. थकवा दुपारी जाणवतो. हे सगळं उपचार संपल्यावर चार ते सहा आठवड्यांत उतरतं. केस गळत नाहीत. गळलेच तर ओटीपोटावरचे.

पाणी दिवसा भरपूर, संध्याकाळी सातनंतर बेताचं. जळजळ वाढली तर आधी लघवीची तपासणी आणि कल्चर. ‘रेडिएशनचंच असेल’ म्हणून सोडू नका. म्हाताऱ्या माणसात लघवीचा संसर्ग कधीकधी तापाऐवजी भ्रमाने दिसतो: काल नीट बोलणारा माणूस आज अचानक असंबद्ध बोलायला लागतो. जळजळीची सिरप हृदय-किडनीच्या रुग्णांनी विचारल्याशिवाय घेऊ नयेत. दुखण्यावर पॅरासिटामॉल, कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणलेली दुसरी पेनकिलर किडनीला महागात पडू शकते.

धार मोकळी व्हायला टॅमसुलोसिन देतात. ते झोपताना घेतात, आणि रात्री लघवीला उठताना बीपी एकदम खाली येतं. अंधारात, ओल्या फरशीवर, घाईत. उपचार सुरळीत चाललेला असताना खुब्याचं हाड मोडतं ते असं. पलंगाच्या कडेला दोन मिनिटं पाय सोडून बसल्याशिवाय उठायचं नाही, रात्रभर मंद दिवा, संडासात धरायला दांडी, आणि पलंगाजवळ लघवीचं भांडं. भांड्याला बहुतेक जण आधी नाही म्हणतात. आणून ठेवा, वापरतील. वारंवार लघवीवरच्या सोलिफेनासिन किंवा ऑक्सिब्युटिनिनसारख्या गोळ्यांनी वृद्धांना भ्रम, बद्धकोष्ठता, कधी लघवी अडकणं असं होऊ शकतं. विसरभोळेपणा आधीच असेल तर दुसरा पर्याय आहे का, ते विचारा.

गुदद्वाराची आग होत असेल तर कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं बसणं. जुलाबात ताक-भात, केळं, साखर-मीठ-पाणी, तिखट बंद.

थांबायचं नाही अशा गोष्टी: लघवी पूर्ण अडकली, १००.४ च्या वर ताप आणि थंडी, लघवीत गुठळ्या, भरपूर रक्त, पडणं, अचानक भ्रम. रात्री कुठल्या नंबरवर फोन करायचा, हे पहिल्याच दिवशी विचारून फ्रीजवर चिकटवा.

संपल्यानंतर

पहिला पीएसए साधारण तीन महिन्यांनी, मग पाच वर्षं दर सहा महिन्यांनी, शक्यतो एकाच लॅबमध्ये. शस्त्रक्रियेनंतर पीएसए शून्याला टेकतो तसा इथे टेकत नाही. ग्रंथी जागेवरच असते, त्यामुळे तो हळूहळू, दीड-दोन वर्षं उतरत राहतो. मधे एखादा आकडा उसळतो आणि आपोआप खालीही येतो. इंजेक्शनं बंद झाल्यावर टेस्टोस्टेरॉन परतताना पीएसए थोडा वाढतो, तोही दोष नाही. आजार परतला असं साधारणपणे तेव्हा धरतात, जेव्हा पीएसए आपल्या सगळ्यात खालच्या आकड्याच्या २ ने वर जातो. म्हणजे ०.३ वर टेकला असेल तर २.३. त्याच्या अलीकडे व्हॉट्सअॅपवर रिपोर्ट फिरवून घर जागं ठेवू नका.

सहा महिन्यांपासून दोन-तीन वर्षांपर्यंत कधीतरी शौचावाटे ताजं लाल रक्त पडू शकतं. बहुतेकदा ते रेडिएशनने नाजूक झालेल्या गुदाशयातल्या केशवाहिन्यांचं असतं आणि थोडक्यात थांबतं. तोवर मात्र एव्हाना डॉक्टर बदललेले असतात, आजोबा ‘मूळव्याध असेल’ म्हणून दुसरीकडे जातात आणि कोलोनोस्कोपी होते. गुदाशयाच्या पुढच्या भिंतीवर, प्रोस्टेटला लागून, किरण सगळ्यात जास्त पडलेले असतात. तिथली बायॉप्सी घेतली तर जखम नीट भरेलच असं नाही, क्वचित मूत्राशय किंवा मूत्रमार्गापर्यंत भोक पडतं. तपासणी करू द्या, मोठं आतडं वरपर्यंत बघू द्या, पण आत जाण्याआधी रेडिएशन झाल्याचं सांगा. उपचार संपताना मिळालेल्या समरीची एक प्रत फाइलच्या पहिल्याच पानावर लावा आणि वर जाड मार्करने लिहा: ‘प्रोस्टेटला रेडिएशन झालं आहे, एकूण अमुक ग्रे, अमुक तारखेला संपलं. रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय गुदाशयाच्या पुढच्या भिंतीची बायॉप्सी घेऊ नये.’